सायक्लोट्रॉनचं बारसं

'ओपेनहायमर' सिनेमा तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितला असेल. त्यात बर्कली विद्यापीठातला, उंचापुरा, टापटीप सूट घालणारा एक प्राध्यापक आठवतोय का? ओपेनहायमरला राजकारणाच्या भानगडीत पडू नको म्हणून बजावणारा? जॉश हार्टनेटने केलेली ती भूमिका म्हणजे अर्नेस्ट लॉरेन्स. सिनेमात तो नायकाचा मित्र म्हणून येतो आणि जातो. पण १९३०च्या दशकात परिस्थिती उलटी होती. तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकायचे ते लॉरेन्स. ओपेनहायमर फक्त भौतिकशास्त्राच्या वर्तुळात माहीत होते.

लॉरेन्स यांची ओळख एका शब्दात सांगता येते : सायक्लोट्रॉन. अणूच्या गाभ्यापर्यंत पोहोचणारं, कणांना गरगर फिरवून वेग देणारं यंत्र. गंमत अशी की हा शब्द लॉरेन्स यांनी ठरवून दिलेला नाही. त्यांना यंत्रासाठी दुसरंच भारदस्त नाव हवं होतं. लॅबमधल्या पोरांनी मात्र भलतंच नाव रूढ केलं आणि तेच टिकलं. लॉरेन्स यांच्या आयुष्यात 'नाव' या गोष्टीने असे बरेच खेळ केले. आज तीच गोष्ट.

भांडी विकणारा पोरगा

अर्नेस्ट ऑर्लँडो लॉरेन्सचा जन्म ८ ऑगस्ट १९०१चा. गाव कँटन, राज्य साउथ डकोटा. अमेरिकेच्या मधोमध पसरलेला हा शेतीचा सपाट मुलूख. घराण्याची मुळं नॉर्वेतली. वडील शिक्षण खात्यात, आई गुंडा लग्नाआधी गणित शिकवायची. समोरच्याच घरात मर्ल ट्यूव्ह नावाचा समवयस्क मित्र राहायचा. दोघं मिळून तारा, बॅटऱ्या, भंगार जमवून रेडिओची यंत्रं बनवायचे. पुढे हा ट्यूव्हही नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ झाला. एकाच गल्लीतून असे दोघं!

कॉलेजच्या खर्चासाठी अर्नेस्टने ॲल्युमिनियमची भांडी विकली. शेताशेतांतून, दारोदारी जाऊन. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायचं, दोन मिनिटांत त्याचा विश्वास मिळवायचा आणि भांडं गळ्यात मारायचं, ही कला त्याला तिथेच साधली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे देणगीदारांपुढे बसून लाखो डॉलर उभे करताना त्याला हीच कला कामी आली.

त्याला व्हायचं होतं डॉक्टर. साउथ डकोटा विद्यापीठात लुइस एकली नावाच्या प्राध्यापकाने त्याचं रेडिओचं वेड हेरलं आणि त्याला भौतिकशास्त्राकडे वळवलं. १९२२ला रसायनशास्त्रात पदवी, मिनेसोटातून मास्टर्स, मग शिकागो आणि १९२५ला येलमधून पीएच.डी. १९२८ला त्याने येलसारखं जुनं, प्रतिष्ठेचं विद्यापीठ सोडलं आणि पार पश्चिम किनाऱ्यावरचं बर्कली गाठलं. मित्रांना हा वेडेपणा वाटला. पण बर्कलीत संशोधनाला मोकळं रान मिळणार होतं. दोनच वर्षांत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो तिथला पूर्ण प्राध्यापक झाला. विद्यापीठातला सगळ्यात तरुण.

न कळलेल्या भाषेतला लेख

१९२९च्या वसंत ऋतूतली एक संध्याकाळ. लॉरेन्स लायब्ररीत नियतकालिकं चाळत बसले होते. हाताला एक जर्मन अंक लागला. त्यात रॉल्फ विडरो या नॉर्वेजियन इंजिनीअरचा लेख होता. लॉरेन्स यांचं जर्मन यथातथाच. त्यामुळे त्यांनी मजकूर सोडला आणि आकृत्या बघितल्या. त्या आकृत्यांनीच काम केलं.

त्या काळी सगळ्यांना छळणारा प्रश्न असा होता. अणूचा गाभा फोडायचा तर त्यावर वेगवान कणांचा मारा करायला हवा. कणाला वेग द्यायचा तर प्रचंड व्होल्टेज हवं. पण लाखो व्होल्ट तयार केले की ठिणग्या उडायच्या, नळ्या फुटायच्या. विडरोने युक्ती काढली होती. एकदम मोठा धक्का देण्याऐवजी एका ओळीत नळ्या मांडायच्या आणि कण एका नळीतून दुसरीत जाताना त्याला दरवेळी तोच छोटा धक्का पुन्हा द्यायचा. अडचण इतकीच की जास्त वेग हवा असेल तर नळ्यांची रांग लांबच लांब होणार. खोलीत मावणार कशी?

लॉरेन्स यांना सुचलं की रांग सरळ कशाला हवी? चुंबकाने कणाची वाट वाकवायची आणि त्याला त्याच दोन डब्यांतून गोल गोल फिरवायचं.

इथे निसर्गाने त्यांना एक बक्षीस दिलं. झोपाळा आठवा. झोका छोटा असो की मोठा, यायला-जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून तर डोळे मिटूनही ठरावीक वेळाने धक्का देत राहिलं तरी झोका चढत जातो. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या कणाचंही तसंच आहे. वेग वाढला की त्याचं वर्तुळ मोठं होतं, पण एक फेरी पूर्ण करायला लागणारा वेळ तोच राहतो. समीकरणात त्रिज्या कटून जाते! म्हणजे विजेची दिशा ठरावीक लयीत उलटसुलट करत राहायचं, की कण प्रत्येक वेळी नेमका धक्क्याच्या क्षणी हजर. जिलबीसारखी बाहेर उलगडत जाणारी वाट धरून तो कडेला पोहोचतो, तेव्हा त्याच्या अंगी धक्क्याच्या कित्येक पट ऊर्जा जमलेली असते.

असा विचार करणारे लॉरेन्स एकटेच नव्हते. युरोपात लिओ झिलार्ड यांनी त्याच वर्षी अशाच कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. स्वतः विडरोच्या डोक्यातही वर्तुळाकार यंत्राचे विचार घोळत होते. पण कल्पना सुचणं वेगळं आणि ती चालवून दाखवणं वेगळं.

तळहातावर मावणारं यंत्र

चालवून दाखवलं ते विद्यार्थ्यांनी. १९३०च्या सुरुवातीला नील्स एडलेफसन या विद्यार्थ्याने काच आणि लाख वापरून पहिला नमुना जोडला. रुंदी जेमतेम चार इंच. दिसायला ओबडधोबड, आणि चालला की नाही याबद्दलही शंका. मग लॉरेन्स यांनी तेच काम स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन या दुसऱ्या विद्यार्थ्याला पीएच.डी.चा विषय म्हणून दिलं.

लिव्हिंग्स्टन शेतावर वाढलेला, हाताने काम करणारा गडी. त्याने पितळेचा साडेचार इंची डबा बनवला. हवा काढून टाकायची, चुंबकाच्या दोन टोकांमध्ये डबा बसवायचा, गळती शोधायची, लाखेने बुजवायची, पुन्हा शोधायची. प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे दुःख कळेल. २ जानेवारी १९३१ रोजी त्या तळहाताएवढ्या डब्यात १,८०० व्होल्टच्या धक्क्यांनी कणांना ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली. चाळीसहून जास्त धक्के, तेही अचूक वेळेवर. कल्पना खरी ठरली होती.

मग आकडे चढत गेले. अकरा इंची यंत्राने १९३२च्या सुरुवातीला दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टची वेस ओलांडली. त्याआधीच, ऑगस्ट १९३१मध्ये, विद्यापीठाने लॉरेन्स यांना एक जुनी लाकडी इमारत देऊन टाकली होती. तिचं नाव रेडिएशन लॅबोरेटरी, पोरांच्या तोंडी 'रॅड लॅब'. रेडिओच्या धंद्यात जुना झालेला ८० टनी चुंबक एका तारायंत्र कंपनीकडे पडून होता. लॉरेन्स यांच्यातला विक्रेता जागा झाला आणि चुंबक फुकटात बर्कलीत आला. त्यावर २७ इंची, मग ३७ इंची यंत्र उभं राहिलं.

कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव

या यंत्राला म्हणायचं काय? कागदोपत्री त्याचं वर्णन लांबलचक असायचं. वर्तमानपत्रांना तर ते जत्रेतल्या चक्री पाळण्यासारखं वाटायचं. १९३५ला 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या एका लेखात या विषयाला हात घातला गेला. यंत्राचा उल्लेख वारंवार येणार, तर त्याला धड नाव हवं असं म्हणून त्यांनी 'मॅग्नेटिक रेझोनन्स ॲक्सेलरेटर' असं नाव सुचवलं. शास्त्रशुद्ध आणि भारदस्त. आणि जाता जाता नोंदवलं की लॅबच्या बोलीभाषेत याला सायक्लोट्रॉन म्हणतात.

झालं! पुढच्या काही वर्षांत पहिलं नाव हवेत विरून गेलं आणि सायक्लोट्रॉन जगभर पसरला. तुमच्या कॉलेजच्या इमारतींना थोरामोठ्यांची नावं दिलेली असतात आणि तुम्ही मात्र 'मेन', 'नवी', 'कट्टा' असंच म्हणता ना? तोच प्रकार. भाषेच्या बाबतीत समितीपेक्षा कट्टा भारी पडतो.

नाव आहेही सुरेख. 'किक्लॉस' म्हणजे ग्रीक भाषेत वर्तुळ. आपली 'सायकल' तिथूनच आली. आणि भाषाशास्त्र सांगतं की हा ग्रीक 'किक्लॉस' आणि आपलं संस्कृत 'चक्र' ही एकाच मूळ शब्दाची लेकरं. मागचा 'ट्रॉन' तेव्हाच्या रेडिओ-नळ्यांच्या नावांतून सगळ्यांच्या ओळखीचा होता. केनोट्रॉन, मॅग्नेट्रॉन वगैरे. बालपण रेडिओ जोडण्यात घालवलेल्या माणसाच्या लॅबमध्ये हे शेपूट जोडलं जाणं साहजिकच होतं. पुढे तर ट्रॉनची रांगच लागली. बीटाट्रॉन, सिंक्रोट्रॉन, कॉस्मोट्रॉन, बेव्हाट्रॉन. मुंबईत टीआयएफआरच्या आवारातला पेलेट्रॉनही याच कुळातला.

घाईची किंमत

रॅड लॅबमध्ये दिवसरात्र काम चालायचं. मंदीचे दिवस होते, त्यामुळे कित्येक पोरं बिनपगारी राबायची. लॉरेन्स घरी असतानाही रेडिओ लावून बसायचे असं सांगतात. सायक्लोट्रॉन चालू असला की रेडिओत त्याची खरखर यायची. खरखर थांबली की लॅबमध्ये फोन वाजलाच म्हणून समजा.

रॉबर्ट विल्सन या विद्यार्थ्याला तर त्यांनी दोनदा काढून टाकलं. एकदा एक रबरी सील हरवल्यामुळे देणगीदारापुढे यंत्र चाललं नाही म्हणून. दुसऱ्यांदा वेल्डिंग करताना महागडी पक्कड वितळवली म्हणून. दोन्ही वेळा परत बोलावलं, पण दुसऱ्या वेळी विल्सन प्रिन्स्टनला निघून गेले. पुढे याच विल्सननी फर्मीलॅब ही अमेरिकेतली विख्यात प्रयोगशाळा उभारली. लॅबमध्ये काही तोडल्यामुळे सरांच्या शिव्या खाल्लेल्यांनी धीर सोडू नये!

पण या धावपळीची खरी किंमत वेगळी होती. यंत्र आणखी मोठं, आणखी ताकदवान करण्याच्या नादात त्या यंत्राला प्रश्न विचारायचं राहून जायचं. एप्रिल १९३२मध्ये केंब्रिजच्या कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी बर्कलीपेक्षा कमी ऊर्जेच्या प्रोटॉन्सनी लिथियमचा गाभा फोडला. बर्कलीकडे त्याहून ताकदवान यंत्र होतं, पण मोजमापाची तयारी नव्हती. १९३३ला ब्रसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत लॉरेन्स यांनी जड हायड्रोजनच्या गाभ्याबद्दल एक मोठा दावा मांडला आणि तो तोंडघशी पडला. त्यांच्या उपकरणातच भेसळ झाली होती. त्यांनी चूक कबूल केली.

सगळ्यात बोचरा प्रसंग १९३४चा. पॅरिसमध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी दाखवलं की साध्या मूलद्रव्यावर मारा करून त्याला किरणोत्सारी बनवता येतं. मारा थांबल्यावरही ते किरण सोडत राहतं. बर्कलीत बातमी पोहोचली आणि सगळे कपाळाला हात लावून बसले. त्यांचा सायक्लोट्रॉन महिनोन्महिने कृत्रिम किरणोत्सारी पदार्थ बनवत होता. कोणाला पत्ताच नव्हता. का? तर यंत्र आणि किरणं मोजणारा गायगर काउंटर एकाच बटनावर चालायचे! यंत्र बंद केलं की मोजणाराही गप्प. बटन वेगळं केलं आणि काउंटर टकटकायला लागला. नोबेलच्या तोडीचा शोध एका बटनामुळे निसटला होता.

भाऊ, आई आणि पोस्टातून गेलेली पट्टी

लॉरेन्स रडत बसले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ जॉन डॉक्टर होता. सायक्लोट्रॉनमधून निघणारे किरणोत्सारी पदार्थ औषध म्हणून वापरता येतील का, हा प्रश्न दोघा भावांनी हाती घेतला. १९३६च्या नाताळच्या आदल्या दिवशी जॉनने ल्युकेमियाच्या एका रुग्णाला किरणोत्सारी फॉस्फरस दिला. न्यूक्लिअर मेडिसिन या शाखेची ही सुरुवात मानतात. दुसऱ्या वर्षी आई गुंडाला गर्भाशयाचा कॅन्सर झाल्याचं कळलं आणि डॉक्टरांनी फार दिवस नाहीत असं सांगितलं. भावांनी तिला सॅन फ्रान्सिस्कोला आणलं. तिथे लॉरेन्स यांच्याच लॅबमध्ये आकाराला आलेल्या दहा लाख व्होल्टच्या क्ष-किरण यंत्राने उपचार झाले. आई त्यानंतर अनेक वर्षं जगली.

लॉरेन्स यांचा आणखी एक गुण असा की ते यंत्राचं ज्ञान दाबून ठेवत नसत. जगभरातून तरुण बर्कलीत यायचे, शिकायचे आणि आपापल्या देशात जाऊन सायक्लोट्रॉन उभा करायचे. मेघनाद साहांनी कोलकात्याहून धाडलेले बासंती दुलाल नागचौधुरी हेही त्यांतलेच. तोक्योहून र्योकिची सागाने आले होते. इटलीतल्या एमिलिओ सेग्रे यांना लॉरेन्स यांनी सायक्लोट्रॉनमधली वापरून जुनी झालेली मॉलिब्डेनमची पट्टी चक्क पोस्टाने पाठवली. त्या पट्टीत सेग्रे आणि पेरिए यांना १९३७ला टेक्नेशियम सापडलं. माणसाने बनवलेलं पहिलं मूलद्रव्य. मानवाच्या भंगारातून निघालेलं!

१९३९चं भौतिकशास्त्राचं नोबेल लॉरेन्स यांना मिळालं. सायक्लोट्रॉनच्या शोधासाठी आणि त्यातून मिळालेल्या निष्कर्षांसाठी, विशेषतः कृत्रिम किरणोत्सारी मूलद्रव्यांसाठी. म्हणजे जो शोध हातून निसटला, त्याच क्षेत्रातल्या नंतरच्या कामाने मान मिळवून दिला. आणि लॅबच्या कट्ट्यावरचा शब्द अवघ्या चार वर्षांत नोबेलच्या मानपत्रात जाऊन बसला. युद्ध सुरू झालं होतं, त्यामुळे स्टॉकहोमऐवजी बर्कलीतच २९ फेब्रुवारी १९४० रोजी सोहळा झाला.

पारितोषिकावर नाव एकट्या लॉरेन्स यांचं होतं. पितळेचा तो डबा चालवून दाखवणारा लिव्हिंग्स्टन १९३४लाच बर्कली सोडून कॉर्नेलला गेला होता. आपल्या वाट्याला हवं तेवढं श्रेय आलं नाही, हे शल्य त्याच्या मनात राहिलं. कल्पना कोणाची, हात कोणाचे आणि नाव कोणाचं? ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही.

चक्र उलटं फिरलं

युद्धाने सगळं बदललं. अणुबॉम्बसाठी युरेनियमच्या दोन भावंडांना, म्हणजे २३५ आणि २३८ या समस्थानिकांना, वेगळं करायचं होतं. दोघांत रासायनिक फरक शून्य, फक्त वजनात किंचित फरक. लॉरेन्स यांनी सायक्लोट्रॉनच्या चुंबकातच उत्तर शोधलं. चुंबकीय क्षेत्रात हलका कण जास्त वळतो, जड कमी. दोघं वेगवेगळ्या जागी पडतात, मग गोळा करायचे. या यंत्राचं बारसं विद्यापीठाच्या नावाने झालं. कॅलिफोर्नियातला 'कॅल', युनिव्हर्सिटीचा 'यू' आणि शेपटाला ट्रॉन. कॅल्युट्रॉन.

टेनेसी राज्यात ओक रिज इथे अशी १,१५२ यंत्रं बसवली गेली. तारेसाठी तांबं पुरेना, तेव्हा सरकारी खजिन्यातली सुमारे १३ हजार टन चांदी उसनी घेऊन तिच्या पट्ट्या गुंडाळल्या. यंत्रांपुढे बसवल्या आसपासच्या खेड्यांतल्या, शाळा संपवून आलेल्या मुली. त्यांना फक्त काटा इथून तिथे गेला तर कोणतं बटन फिरवायचं एवढंच शिकवलं होतं. आपण काय बनवतोय हे सांगितलेलं नव्हतं. प्रकल्पातले अधिकारी केनेथ निकोल्स यांच्या लक्षात आलं की या मुली लॉरेन्स यांच्या पीएच.डी. झालेल्या माणसांपेक्षा जास्त माल काढतायत. दोघांनी पैज लावली आणि लॉरेन्स हरले. शास्त्रज्ञ काटा हलला की कारण शोधत बसायचे. मुली तो जागेवर आणायच्या आणि पुढे जायच्या.

कॅल्युट्रॉनमधून गेलेलं युरेनियम ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलं. त्याआधी सरकारला सल्ला देणाऱ्या चार शास्त्रज्ञांत लॉरेन्स होते. बॉम्ब टाकण्याआधी जपानला त्याचं प्रात्यक्षिक दाखवावं, या विचाराकडे त्यांचा ओढा होता. पण शेवटी चौघांनीही थेट वापराशिवाय दुसरा उपाय दिसत नसल्याचं कळवलं. तीन दिवसांनी नागासाकीवर बॉम्ब पडला. तेव्हा सोबत टाकलेल्या मापनयंत्रांना एक पत्र अडकवलेलं होतं. लिहिणारे होते बर्कलीचेच लुइस अल्वारेझ आणि त्यांचे दोन सहकारी. पत्र कोणाला? र्योकिची सागाने यांना. त्याच बर्कलीत सायक्लोट्रॉन शिकून गेलेल्या जुन्या मित्राला. हे काय आहे ते तुला कळतंय, तर तुमच्या सरकारला सांग आणि युद्ध थांबव, असा त्याचा आशय. काही महिन्यांनी अमेरिकी सैन्याने जपानचे सायक्लोट्रॉन तोडले. तोक्योतले तर समुद्रात बुडवले. ते शस्त्रांसाठी नव्हेत, संशोधनासाठी होते.

नाव काढून टाका

युद्धानंतर लॉरेन्स आणि ओपेनहायमर यांच्यात अंतर पडत गेलं. एके काळी लॉरेन्स यांनी आपल्या मुलाचं नाव या मित्रावरून रॉबर्ट ठेवलं होतं. आता ओपेनहायमर हायड्रोजन बॉम्बच्या विरोधात होते आणि लॉरेन्स बाजूने. १९५२ला लॉरेन्स आणि एडवर्ड टेलर यांच्या पुढाकाराने लिव्हरमोर इथे दुसरी शस्त्र-प्रयोगशाळा उभी राहिली. १९५४ला ओपेनहायमर यांची कुप्रसिद्ध सुनावणी झाली, तेव्हा लॉरेन्स साक्ष द्यायला जाणार होते. ऐन वेळी मोठ्या आतड्याचा जुना आजार उसळला आणि ते गेले नाहीत. आधी दिलेला जबाब मात्र सुनावणीत आला आणि तो मित्राच्या बाजूचा नव्हता.

त्याच काळात हा माणूस सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बसून रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब बनवत होता. तिचं नाव? क्रोमाट्रॉन! बाजारात ती फारशी चालली नाही, पण जपानच्या सोनी कंपनीने तिच्यावर बरीच डोकेफोड केली आणि त्यातून पुढे ट्रिनिट्रॉन जन्माला आला. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी ज्याच्या घरी सोनीचा टीव्ही असायचा, तिथे ही ट्रॉनची पाटी दिसायची.

१९५८च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लॉरेन्स यांना जिनिव्हाला पाठवलं. अणुचाचण्या थांबवायच्या झाल्या तर त्यांवर नजर कशी ठेवायची, याबद्दल रशियन तज्ज्ञांशी बोलणी करायला. प्रकृती साथ देत नव्हती, तरी गेले. अर्ध्यावरच परतावं लागलं. शस्त्रक्रिया झाली आणि २७ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आयुष्यभर आणखी मोठी यंत्रं आणि मग मोठे बॉम्ब यांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस शेवटच्या प्रवासाला निघाला, तो चाचण्या थांबवण्याच्या बोलण्यांसाठी.

त्यानंतर मात्र नावांची रीघ लागली. बर्कलीची लॅब लॉरेन्स यांच्या नावाने. लिव्हरमोरची लॅब लॉरेन्स यांच्या नावाने. १९६१ला सापडलेलं १०३ क्रमांकाचं मूलद्रव्य, लॉरेन्सियम. आवर्तसारणीत बघा, तळाच्या ओळीत उजव्या टोकाला आहे.

आणि इथे गोष्टीत त्यांच्या पत्नी मॉली येतात. सहा मुलांना वाढवणाऱ्या मॉली नवऱ्यामागे पाव शतकाहून जास्त काळ जगल्या. जिथे अण्वस्त्रं बनतात त्या लिव्हरमोरच्या लॅबवरून आपल्या नवऱ्याचं नाव काढून टाका, अशी विनंती त्यांनी जाहीरपणे आणि पुन्हा पुन्हा केली. ती मान्य झाली नाही. नाव अजून तिथेच आहे.

परळचा ट्रॉन

मग लॉरेन्स यांचं नाव खरं कुठे शोधायचं? परळला एक चक्कर मारा. तिथल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ला भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. आता देशात असे कितीतरी आहेत. कॅन्सरच्या पेशंटला पेट स्कॅन सांगतात, तेव्हा त्याच्या शरीरात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर सोडतात. ते फ्लोरिन सायक्लोट्रॉनमध्येच बनतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. आठवडाभर आधी आणून फ्रीजमध्ये ठेवायची सोयच नाही. सकाळी बनवायचं आणि ट्रॅफिकशी शर्यत लावून हॉस्पिटलात पोहोचवायचं. आत तेच चालू असतं : चुंबक, दोन पोकळ डबे, ठरावीक लयीतले धक्के आणि जिलबीसारखी उलगडत जाणारी वाट.

त्या यंत्रावर लॉरेन्स यांचं नाव नाही. लिव्हिंग्स्टनचं नाही, एडलेफसनचं नाही. आहे तो फक्त रात्रभर जागणाऱ्या पोरांच्या बोलण्यातून निघालेला एक शब्द. तिथले तंत्रज्ञ दिवसातून पन्नास वेळा तो उच्चारत असतील, आपण सायकल म्हणतो तितक्या सहज. नोबेल एकाच्या नावावर गेलं, लॅबवरचं नाव घरच्यांनाच नकोसं झालं, पण या शब्दावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही. तो सगळ्या लॅबचा आहे.